मणी नसताना बोटं का हलतात?

अबॅकसच्या वर्गात वरच्या लेव्हलला पोहोचलेली मुलं गणित करताना बघण्यासारखी असतात. समोर अबॅकस नसतो, कागदही नसतो. बाई एका दमात आकडे म्हणत जातात, 'सात, अधिक सहा, अधिक नऊ, वजा चार', आणि त्यांचं म्हणून होतं न होतं तोच पोरं 'अठरा' म्हणून मोकळी होतात. हे चाललेलं असताना त्यांची बोटं मात्र टेबलावर, मांडीवर, नाहीतर सरळ हवेत भराभर हलत असतात. पहिल्यांदा बघणाऱ्या पालकांना वाटतं, पोरगं चुळबुळ करतंय.

त्या हालचालींत हिशेब असतो. अबॅकसच्या प्रत्येक काडीवर मधल्या आडव्या पट्टीच्या वर एक मणी असतो, त्याची किंमत पाच. पट्टीच्या खाली चार मणी, प्रत्येकी एक. पट्टीला चिकटलेले मणी तेवढे मोजायचे. सात म्हणजे वरचा एक आणि खालचे दोन. त्यात सहा मिळवायचे तर एककाच्या काडीवर जागा नाही. म्हणून दशकाच्या काडीवर एक मणी चढवायचा आणि एककातून चार काढायचे. चार काढायचे म्हणजे तर्जनीने पाचाचा मणी वर ढकलायचा आणि अंगठ्याने खालचा एक मणी चढवायचा. उरले तीन, दहा आणि तीन, तेरा. आता मुलाच्या हाताकडे नीट पाहा. 'सहा' कानावर पडताच तर्जनी वर जाते, अंगठा पुढे सरकतो. मणी नाहीत, पण मणी हलवण्याची क्रिया जशीच्या तशी चालू आहे.

अशा मुलांवरचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. गणित जितकं लांबलचक आणि अवघड, तितक्या बोटांच्या हालचाली जास्त आणि मोठ्या, असं त्यात दिसलं. मुलांना स्वतःचे हात दिसले नाहीत तरी काही अडलं नाही. हातांना दुसऱ्याच कामाला जुंपलं, तेव्हा मात्र उत्तरं लक्षणीय बिघडली. म्हणजे बोटं दिसण्याची गरज नव्हती. बोटं हलवण्याची आज्ञा मेंदूत तयार होण्याची गरज होती. गणित त्या आज्ञेतच चाललेलं होतं.

खरं कोडं इथून पुढे आहे. मनातल्या मनात हालचाली आपण सगळेच दिवसभर करतो. पुढच्या दोन रिक्षांमधून आपली दुचाकी निघेल का, वरच्या फळीवरचा डबा स्टूल न घेता काढता येईल का, हे आपण आधी मनात करून बघतो आणि मग ठरवतो. तेव्हा आपला हात हवेत वर जात नाही. अंग गप्प कसं राहतं? आणि ते गप्प राहू शकतं, तर अबॅकसवाल्या मुलांची बोटं का सुटतात?

मनातल्या चालण्यालाही वेळ लागतो

या विषयातलं बरंच पायाभूत काम फ्रान्समधल्या लिआँ शहरात झालं. तिथले मार्क झानरो आणि जाँ देसेती यांनी १९८९मध्ये एक अगदी साधा प्रयोग केला. माणसाला समोर ५, १० किंवा १५ मीटरवरची खूण दाखवायची आणि डोळ्यांवर पट्टी बांधायची. एकदा त्याने खरोखर खुणेपर्यंत चालत जायचं, एकदा जागेवर उभं राहून फक्त मनात चालायचं, आणि दोन्ही वेळा स्टॉपवॉचने वेळ मोजायचा.

कल्पना म्हणजे डोळ्यांपुढचं नुसतं चित्र असतं, तर १५ मीटर काय आणि ५ मीटर काय, मन क्षणात पोहोचलं असतं. तसं झालं नाही. खऱ्या चालण्याला जितका वेळ लागला, जवळपास तितकाच मनातल्या चालण्याला लागला, आणि अंतर वाढलं तसा दोन्हीकडचा वेळ सारखाच वाढत गेला.

मग त्यांनी पाठीवर २५ किलोचं ओझं दिलं. खरोखर चालताना लोकांनी जोर जास्त लावला आणि वेळ पूर्वीइतकाच ठेवला. मनातल्या मनात चालताना मात्र वेळ वाढला. मेंदूने ओझ्यासाठी लागणारा जास्तीचा जोर हिशेबात धरला होता. पण तो लावायला पाय हलत नव्हते, म्हणून ते कष्ट जास्त वेळाच्या रूपात जाणवले. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका निकाल वाटतो. चित्राला वजन नसतं, मनातल्या चालण्याला ते होतं.

दोन वर्षांनी याच गटाने लोकांना ट्रेडमिलवर नुसतं उभं केलं आणि मनात ताशी ५, ८ आणि १२ किलोमीटर वेगाने चालायला-धावायला सांगितलं. पाय स्थिर होते. तरी छातीचे ठोके आणि श्वास वाढले, आणि मनातला वेग जितका जास्त तितके जास्त वाढले. मनात ताशी १२ किलोमीटरने धावणाऱ्याची ही वाढ खरोखर ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याच्या जवळपास होती.

स्वस्थ उभ्या माणसाच्या हृदयाला घाई कशाची? धावायचं ठरलं की पाय उचलण्याआधीच मेंदू हृदयाला आणि फुप्फुसांना वर्दी देतो, म्हणजे पहिल्या पावलाला रक्त कमी पडत नाही. कल्पनेतही ही वर्दी जाते. स्नायूंकडे जाणारी आज्ञा अडवली जाते; हृदयाकडे जाणारी वर्दी अडवायचं कारणच नसतं, कारण चार ठोके जास्त पडल्याने कोणी तोल जाऊन पडत नाही.

आज्ञा तयार होते तेव्हा

चहाचा कप उचलणं ही एक आज्ञा दिसते, पण ती मेंदूच्या बऱ्याच भागांतून घडत येते. माथ्याच्या मागच्या बाजूचा भाग (पार्श्विक खंड) माझा हात आत्ता कुठे आहे, कप कुठे आहे आणि दोहोंत अंतर किती, याचा मेळ घालतो. कपाळामागच्या भागात, माथ्याच्या मध्यरेषेजवळ, हालचालींचा क्रम लावणारी जागा आहे: आधी हात पुढे, मग बोटं उघडायची, मग मिटायची. तिला आपण 'तयारीची जागा' म्हणू. त्यानंतर येतो 'प्रेरक पट्टा', म्हणजे साधारण एका कानापासून दुसऱ्या कानाकडे मेंदूच्या पृष्ठभागावरून जाणारी चिंचोळी पट्टी. कॅनडातले मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा बारीकसा स्पर्श करत १९३७च्या सुमारास या पट्ट्याचा नकाशा काढला: इथे स्पर्श केला की अंगठा हलतो, तिथे केला की ओठ. या पट्ट्यातून निघालेली आज्ञा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरते आणि तिथल्या चेतापेशी स्नायूला आकसायला लावतात.

मग कल्पनेत यातलं काय काय चालतं? १९८०मध्ये पेर रोलांड आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी रक्तात किरणोत्सारी झेनॉन वायू सोडून मेंदूत कुठे रक्त जास्त धावतं ते पाहिलं. बोटांची एक किचकट मालिका खरोखर करताना तयारीची जागा आणि प्रेरक पट्टा दोन्ही कामाला लागले. तीच मालिका नुसती मनात करताना फक्त तयारीची जागा जागी झाली. पुढे एमआरआयसारखी जास्त बारकाईने टिपणारी यंत्रं आली, तेव्हा प्रेरक पट्ट्यातही थोडी हालचाल असते असं दिसलं, पण खऱ्या कृतीपेक्षा बरीच कमी.

तयारी आणि कल्पना यांचं हे नातं मुळात कल्पनेसाठी जमलेलं नसावं. कोणतीही स्वतःहून केलेली हालचाल सुरू होण्याआधी सुमारे एक सेकंद मेंदूत विजेचा एक हळूहळू चढत जाणारा संकेत दिसतो. जर्मनीतले कॉर्नह्युबर आणि डीके यांनी तो १९६०च्या दशकात शोधला. म्हणजे करण्याआधी तयारी ही मेंदूची नेहमीची रीत आहे. कल्पनेत आपण ही तयारी लांबवतो, तिच्यात रेंगाळतो आणि शेवटचं पाऊल टाकत नाही.

यात लहान मेंदूचाही वाटा आहे. डोक्याच्या मागे खाली असलेल्या या भागाकडे आज्ञेची एक प्रत जाते, आणि ही हालचाल झाली तर अंगाला काय जाणवेल याचा अंदाज तो आधीच बांधतो, असं संशोधक मानतात. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत ते याच अंदाजामुळे. होणारा स्पर्श मेंदूला आधी ठाऊक असतो. मनात चेंडू फेकताना हाताला झटका 'जाणवल्यासारखं' होतं, ते बहुधा या अंदाजाचं जाणवणं.

मेंदूला इजा झालेल्या रुग्णांनी ही मांडणी पक्की केली. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) ज्या रुग्णांचा एकच हात मंदावलेला असतो, त्यांचा तोच हात कल्पनेतही मंद चालतो, दुसरा चालत नाही. पार्श्विक खंडाला इजा झालेल्यांचं मात्र वेगळंच होतं: त्यांचा मनातला वेळ आणि प्रत्यक्षातला वेळ यांचा मेळच बसत नाही. अँजेला सिरिगू आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये हे दाखवून दिलं.

क्लच दाबलेला असतो

दुचाकी सिग्नलला उभी असते. इंजिन चालू, गिअर टाकलेला, आवाज येतोय, पण क्लच दाबलेला असल्याने चाक फिरत नाही. मनातली हालचाल तशीच असते. इंजिन बंद करून कोणी कल्पना करत नाही. इंजिन चालू ठेवून चाकापर्यंत जाणारा जोर तोडलेला असतो. आणि क्लच पुरता दाबला नाही तर गाडी हळूच पुढे सरकते, हेही दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

हा जोर खरोखर दाराशी येऊन थांबलेला असतो, हे मोजता येतं. डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन प्रेरक पट्ट्यातल्या अंगठ्याच्या जागेला डिवचलं की अंगठा किंचित हलतो. माणूस त्याच वेळी मनात अंगठा हलवत असेल, तर तेवढ्याच झटक्याला अंगठ्याचा स्नायू जास्त जोराने उडतो. मनात कोपर दुमडत असेल तर कोपर दुमडणारा स्नायू जास्त उडतो. स्नायू वरून शांत असतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट आधीच अर्धी उघडलेली असते.

क्लच निकामी झाला तर काय होतं? मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्विक खंडांना इजा झालेल्या एका रुग्णाची हकीकत २००२मध्ये अमेरिकेत नोंदली गेली. त्याला हाताची हालचाल फक्त मनात करायला सांगितली की त्याचा हात ती खरोखर करायचा, आणि हात हलतोय याचा त्याला पत्ता नसायचा. कल्पना करणं आणि ती अडवून धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे यावरून कळतं. धडधाकट माणसात दोन्ही इतकी बेमालूम जुळलेली असतात की दुसरं काम चाललंय याची जाणीवही होत नाही.

हा क्लच कुठल्या एका ठिकाणी बसवलेला आहे असं मात्र समजू नये; तुलना इथे अपुरी पडते. अडवणूक बऱ्याच पातळ्यांवर होते, आणि तिचा एक सुंदर मार्ग कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये माकडांत दाखवला. समजा, दोन चेतापेशी मिळून एका स्नायूला संदेश देतात आणि स्नायू दोघींच्या बेरजेवर चालतो. एकीचा संदेश जितका वाढेल तितकाच दुसरीचा घटला, तर मेंदूत भरपूर उलाढाल होऊनही बेरीज तीच राहते आणि स्नायूला काही कळत नाही. हात उचलण्याआधीची तयारी माकडाच्या मेंदूत बरीचशी अशाच बेरीज न बदलणाऱ्या प्रकारात चाललेली असते. कृतीची वेळ आली की ती बेरीज बदलणाऱ्या प्रकारात शिरते आणि हात उठतो. म्हणजे तयारी अडवायला दर वेळी वेगळा अडथळा उभा करावा लागतोच असं नाही. तयारीची रचनाच अशी असते की ती खाली गळत नाही.

झोपेतला अडथळा याहून वेगळा आणि फार कडक आहे. ज्या झोपेत ठसठशीत स्वप्नं पडतात तिच्यात मेंदूच्या तळाकडून, मेंदूस्तंभातून, मज्जारज्जूतल्या चेतापेशींना गप्प केलं जातं. श्वास आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर अंग लुळं पडतं. लिआँमधलेच मिशेल झुवे यांनी मांजरांच्या मेंदूस्तंभातली ही अडवणारी जागा निकामी केली, तेव्हा झोपलेली मांजरं उठून नसलेल्या सावजावर झेपा घेऊ लागली. माणसांतही असा आजार आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या डॉक्टरांनी १९८६मध्ये त्याचं वर्णन केलं. रुग्ण स्वप्नात हाणामारी करत असेल तर अंथरुणात खरोखर लाथा-बुक्क्या मारतो. घरात कोणी वयस्कर माणूस असं वारंवार करत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच कुळीतला आजार होतो.

अबॅकसच्या मुलांकडे आता परत बघता येईल. त्यांना अंग अगदी स्थिर ठेवायचं नसतं, त्यांना उत्तर हवं असतं. आज्ञा जितक्या वेगाने आणि जोराने तयार होतात तितकी अडवणूक ढिली पडते, आणि बोटांना हलू दिल्याने नुकसान काहीच नसतं. कबड्डीचा सामना बघताना चढाईपटूचा हात मध्यरेषेकडे ताणला जातो तेव्हा प्रेक्षकाचा पाय आपोआप पुढे सरतो, तोही याच ढिल्या क्लचमुळे.

> करून पाहा
> मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. डोळे मिटून नेहमीच्या हाताने मनात आपलं पूर्ण नाव लिहा आणि वेळ मोजा. मग तेच नाव दुसऱ्या हाताने, मनातच, लिहा. शेवटी दोन्ही हातांनी कागदावर खरोखर लिहून वेळ ताडून बघा. दुसऱ्या हाताला मनातही जास्त वेळ लागतो. नाव तेच आहे, अक्षरं तीच आहेत; अडखळतो तो हात. मनातला वेळ फारच कमी भरला, तर तुम्ही नाव 'लिहिलं' नसून 'पाहिलं' असण्याची शक्यता आहे. पुन्हा करा, आणि या वेळी पेन धरल्याची बोटांतली पकड आठवत लिहा.

बघणारा आणि करणारा

या छोट्या प्रयोगातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. हालचालीची कल्पना दोन प्रकारे करता येते. एकात आपण स्वतःला बाहेरून बघतो, दुसऱ्यात आतून करतो: पायाला जमीन लागते, खांद्याला ताण जाणवतो. चुंबकीय झटक्याच्या प्रयोगात स्नायूची वाट अर्धी उघडते ती दुसऱ्या प्रकारात; नुसतं बघण्यात ती जवळजवळ उघडत नाही.

आणि आतून करायला ती हालचाल कधीतरी अंगाने केलेली असावी लागते. स्वीडनमध्ये सराईत उंच उडीपटू आणि कधी उंच उडी न मारलेली माणसं यांना मनात उडी मारायला सांगितलं. उडीपटूंच्या मेंदूत हालचालीचे भाग जागे झाले, नवख्यांच्या मेंदूत दृष्टीचे. आपल्याकडच्या मल्लखांबाचंही तसंच व्हायला हवं. खांबाला पायाची तिढी घालून डोकं खाली सोडणाऱ्या मुलीला ती पकड मांडीच्या आतल्या बाजूला, घोट्याला जाणवते. जत्रेत तो खेळ बघितलेल्याला फक्त उलटी लटकलेली मुलगी दिसते. 'मनात यशाचं चित्र बघा' असा सल्ला प्रेरणादायी व्याख्यानांत सर्रास दिला जातो. त्यात हा फरक पुसला जातो, म्हणून मला तो सल्ला अर्धवट वाटतो. पदक घेतानाचं चित्र पाहून हात सुधारत नाही.

मनातला रियाज

मग हात कशाने सुधारतो? १९९५मध्ये अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी कधी पियानो न वाजवलेल्या लोकांना एका हाताच्या पाच बोटांचा एक धडा दिला. एका गटाने तो रोज २ तास, असे ५ दिवस वाजवला. दुसरा गट तितकाच वेळ पियानोसमोर बसला, बोट न लावता मनात वाजवत राहिला. पाचव्या दिवशी प्रेरक पट्ट्यातला बोटांच्या स्नायूंचा इलाखा दोन्ही गटांत वाढलेला होता. वाजवण्यातली सफाई मात्र सारखी नव्हती: मनात वाजवणारे पाचव्या दिवशी जिथे पोहोचले, तिथे खरोखर वाजवणारे तिसऱ्या दिवशीच पोहोचले होते. पण त्यानंतर मनातल्या गटाला २ तास खरोखर वाजवू दिलं, तेव्हा त्यांनी जवळपास सगळी तूट भरून काढली.

तबला शिकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पढंत म्हणजे हाताने वाजवायचे बोल आधी तोंडाने म्हणणं, ही तालमीची जुनी रीत आहे, आणि एसटीत खिडकीशी बसून मांडीवर बोटं टेकवून कायदा घोळवणारा विद्यार्थी गावोगाव दिसतो. त्याच्या गुरूने त्याला तबल्यावर बसायचं सोडून दे असं कधी सांगितलेलं नसतं. पियानोचा प्रयोग नेमकं तेच सांगतो.

याहून चकित करणारी गोष्ट ताकदीची. १९९२मध्ये ग्वांग युए आणि केली कोल यांनी करंगळी बाजूला ढकलण्याचा जोर मोजला. ४ आठवडे, आठवड्यातले ५ दिवस सराव. ज्यांनी खरोखर जोर लावला त्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी फक्त मनात जोर लावला त्यांची २२ टक्क्यांनी. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची वाढ ४ टक्क्यांच्या आत राहिली. मनातल्या जोराने स्नायू जाड होत नाही. पण ताकद फक्त स्नायूच्या जाडीवर ठरत नाही. मेंदू किती जोरकस आज्ञा देतो यावरही ठरते. करंगळी बाजूला ढकलायची आज्ञा आपण रोजच्या जगण्यात क्वचितच देतो, म्हणून तिथे सुधारायला जागा भरपूर. क्लीव्हलँडमध्ये २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात करंगळीची ताकद ३५ टक्क्यांनी वाढली, तर रोज वापरात असलेल्या कोपराच्या स्नायूंची साडेतेरा टक्केच. खुर्चीत बसून पैलवान होता येणार नाही, हे या आकड्यांतच आहे.

प्लास्टरमध्ये हात अडकलेल्यांना मात्र याचा थेट उपयोग दिसतो. ओहायो विद्यापीठातल्या ब्रायन क्लार्क यांनी २०१४मध्ये निरोगी स्वयंसेवकांचं मनगट ४ आठवडे प्लास्टरसारखं जखडून ठेवलं. ज्यांनी काही केलं नाही त्यांची मनगटाची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. ज्यांनी आठवड्यातले ५ दिवस मनात मनगटाला जोर लावला त्यांची सुमारे २४ टक्क्यांनी. हात दोघांचेही तितकेच स्थिर होते.

पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हाताबद्दल जास्त जपून बोलायला हवं, कारण तिथे आशा विकणारे बरेच आहेत. ब्रिटनमध्ये २०११मध्ये १२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाताच्या व्यायामाशी न जोडलेला, ४ आठवड्यांचा नुसता मानसिक सराव उपयोगी पडला नाही. पुढे २०२०मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात नेहमीच्या उपचारांच्या जोडीला मानसिक सराव दिला तर हात वापरण्यात सुधारणा होते असं आढळलं. जोडीला, हा शब्द इथे सगळ्यात मोलाचा. घरी असा रुग्ण असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारा: व्यायामाच्या आधी काही मिनिटं तीच हालचाल आतून, अंगाने, करून बघायची का आणि कशी. ज्या हाताने आयुष्यभर भाकरी थापली त्या हाताला भाकरी थापण्याची कल्पना आतून करता येते. कुठल्या तरी पुस्तकातल्या व्यायामाची येईलच असं नाही.

निपचित अंगातलं टेनिस

जुलै २००५मध्ये इंग्लंडमध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीला रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला जबर मार बसला. पाच महिन्यांनीही ती डोळे उघडायची, मिटायची, पण कशालाच प्रतिसाद देत नव्हती. केंब्रिजमधल्या एड्रियन ओवेन यांनी तिला एमआरआय यंत्रात ठेवलं आणि सांगितलं: तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. तिच्या मेंदूतली तीच तयारीची जागा उजळली. मग सांगितलं: तू घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस. आता जागांची आठवण ठेवणारे भाग उजळले. निरोगी माणसांत जे दिसतं तेच. ती ऐकत होती, समजत होती आणि सांगितलेलं करत होती. फक्त स्नायूंपर्यंत काही पोहोचत नव्हतं.

टेनिस निवडण्यामागे विचार होता. हात उंचावून जोरात फटका मारणं ही मनात भक्कम तयार होणारी हालचाल आहे, आणि ती मेंदूच्या ठरावीक जागी दिसते. चार वर्षांनी अशा ५४ रुग्णांच्या अभ्यासात ५ जणांना सांगितल्याप्रमाणे मेंदूतला प्रतिसाद बदलता आला. त्यातल्या एकाने 'हो'साठी टेनिस आणि 'नाही'साठी घर असं ठरवून स्वतःच्या कुटुंबाविषयीच्या साध्या प्रश्नांची उत्तरंही दिली.

अंग साथ देत नसताना आज्ञा शाबूत राहतात, यावर पुढे बरंच काम झालं आहे. २०२१मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मानेखाली लुळ्या पडलेल्या ६५ वर्षांच्या एका माणसावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या प्रेरक पट्ट्यात दोन बारीक विद्युत चकत्या बसवलेल्या होत्या. हातात पेन आहे आणि आपण कागदावर लिहितोय असं धरून तो लिहिण्याचा प्रयत्न करायचा, आणि संगणक त्या आज्ञांवरून अक्षरं ओळखून पडद्यावर उमटवायचा. वेग मिनिटाला ९० अक्षरं. अपघाताला बरीच वर्षं होऊन गेली होती, तरी मेंदू अक्षराचं वळण विसरलेला नव्हता.

२०२४मध्ये सहा केंद्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेलं काहीही उघडपणे न करणाऱ्या २४१ जणांना एमआरआय किंवा मेंदूलेख (ईईजी) यांच्या साह्याने तपासलं. त्यातले ६० जण, म्हणजे चारातला एक, मनातल्या मनात सूचना पाळत होते. याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे. सूचना उघडपणे पाळू शकणाऱ्या ११२ रुग्णांनाही तीच चाचणी दिली होती, आणि तिच्यात प्रतिसाद दिसला तो फक्त ४३ जणांत. म्हणजे चाचणीत काही दिसलं नाही म्हणून आत कोणी नाही असं म्हणता येत नाही.

ही तपासणी सगळीकडे होत नाही, आणि प्रत्येक कुटुंबाला ती परवडणारही नाही. पण तिच्याशिवायही एक गोष्ट करता येते. असा रुग्ण तुमच्या नात्यात असेल, तर त्याच्या खाटेपाशी गेल्यावर आपण कोण ते नाव घेऊन सांगा, आज वार कोणता आणि घरी काय चाललंय ते सांगा, हाताला हात लावण्याआधी 'हात धरतोय' म्हणून सांगा. बिलं, मालमत्ता आणि 'आता काही खरं नाही' हे बोलणं खोलीच्या बाहेर जाऊन करा. नर्सबाईंना आणि भेटायला येणाऱ्यांनाही तसंच सांगा.